अशा तीन मुठी

माझ्यासारखं वळणदार मोडी अक्षर अख्ख्या संस्थानात कुणाचं नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. जव्हारला बांधकाम खात्यात मी कारकून होतो. मोखाड्याच्या अंगाला खडक फोडून रस्ता करायचं काम चाललं होतं आणि सुरुंग भरणारा माणूस एकच, पोशेऱ्याचा एक म्हातारा. जुन्या कुठल्याशा सुरुंगात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं उडाली होती. उरलेल्या एका बोटावर आणि अंगठ्यावर तो खडक असा फोडायचा, की धोंडे जागच्या जागी निखळून पडत.

तो तापानं अंथरुणाला खिळला आणि साहेबांचं धाबं दणाणलं. म्हाताऱ्याचा जावई आमच्याच टोळीत पहार मारायचा. म्हातारा म्हणत होता, "मला उठू दे, एक हंगाम त्याला संगं उभा करतो, हातानं शिकवतो." साहेब मला म्हणाले, "तोवर काम थांबवू की काय? जा, सगळं लिहून आण. कागद असला की झालं."

मी गेलो. तो पडल्या पडल्या सांगत होता, मी टिपत होतो. माती लाकडानं ठासायची, लोखंडानं नाही. वात लांब ठेवायची. उभं राहायचं ते वळणावरच्या उंबरामागे. दारू किती? त्यानं गोधडीतून हात वर काढला. "अशा तीन मुठी." मी मान खाली घालून लिहिलं, दारू, तीन मुठी.

पहिल्या दिवशी मी जावयाला कागद वाचून दाखवला. तिसरी मूठ भरताना तो थांबला. "भाऊ, ही लय व्हते. म्हातारा एवढी नाय भरीत. तू नीट वाच ना."

"कागदात आहे ते कर!" मी खेकसलो. "शहाणा तू की मी?"

त्यानं भरली. वात पेटवून धावत उंबरामागे गेला, अगदी सांगितल्या जागी. धोंडा उंबराच्या फांद्या मोडत वरून आला. मी मागे गाड्यांपाशी होतो म्हणून वाचलो. तो जागीच गेला.

चौकशीत साहेब म्हणाले, "कागद चोख आहे. त्यानंच हयगय केली असणार." मला हायसं वाटलं. आज लाज वाटते, पण वाटलं खरं.

तरी राहवेना, पोशेऱ्याला गेलो. म्हाताऱ्याची मुलगी कुडाला टेकून बसली होती, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हाताऱ्यानं कागद वाचायला लावला. "दारू, तीन मुठी," मी वाचलं, तसा त्यानं तो हात वर करून मिटला. जावयाच्या धडधाकट हाताची एक मूठ म्हणजे याच्या दोन होत्या.

"मी अशा बोललो व्हतो," तो म्हणाला. "तू बघितलाच नाय."

म्हातारा त्याच महिन्यात गेला. मी कचेरीत कागद काढला आणि जागा नव्हती तरी 'तीन'च्या आधी 'अशा' असं कोंबून लिहिलं. मग बसून राहिलो. अशा म्हणजे कशा, ते दाखवणारा हात जळून गेला होता.