वसंतामामा आणि दोन ऑपरेशनं

वसंतामामाला जाऊन महिना होत आला. भोईवाड्यातून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. घरीच, झोपेत गेला, म्हणाला.

मामा गिरणीत माग दुरुस्त करायचा. ब्याऐंशीच्या गिरणी-संपाच्या चौथ्या महिन्यात त्याचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. दुर्बिणीचं ऑपरेशन तेव्हा आम्हाला ऐकूनही ठाऊक नव्हतं. वीतभर काप घेऊन पोट आतून धुतलं, आणि मामा दीड महिना आडवा. जखम भरली, गिरणी मात्र उघडली नाही.

आमच्याकडे मामाची मान हलल्याशिवाय पान हलत नसे. त्यामुळे पुढे माझ्या सायलीचं, एकोणीस वर्षांच्या लेकीचं, अपेंडिक्स सुजलं तेव्हा परळच्या हॉस्पिटलात आम्ही सगळे त्याचीच वाट बघत बसलो. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, फार वेळ घालवू नका. तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीने केलं तर दुखणं कमी, दोन-तीन दिवसांत घरी. नाहीतर काप घेऊन करू. मामाला दुर्बीण नामंजूर. माग उघडल्याशिवाय दोष सापडत नाही, हा त्याचा जन्माचा हट्ट. भोकातून काय दिसणार, आत फुटलेलं निघालं तर काय, त्याची सरबत्ती सुरू झाली. बाईंनी शांतपणे सांगितलं की आत कॅमेरा जातो, आणि नाहीच जमलं तर तिथल्या तिथे पोट उघडू.

मामा हळूच म्हणाला, "संपात माझां ऑपरेशन झाला तेवा, नाय जमला तर काय, ह्यां आमकां कोणी सांगूक नाय. इचारूक पण नाय." आणि माझ्या हातातला संमतीचा कागद काढून घेऊन त्याने सायलीपुढे धरला. "पोट तिचां. तिकाच इचार."

सगळ्या गोतावळ्याला विचारून झालं होतं, तिला सोडून. मला माझीच लाज वाटली. सायलीने दुर्बीण म्हटलं, सही केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चाळीचे जिने चढली. जिन्यात सगळ्यात मोठ्याने हसत होता तो मामाच.

यंदा मामाचं छातीचं दुखणं हाताबाहेर गेलं. मोठं ऑपरेशन करायचं की नाही, यावर आम्ही वॉर्डाबाहेर घोळका करून कुजबुजत होतो. सायली कुणाला काही न बोलता आत गेली, त्याच्या उशाशी बसली. बाहेर आली ती डोळे पुसत, पण हसत.

"मी त्यालाच विचारलं," ती म्हणाली. "घरी चला म्हणतोय."