फ्रिडाचा लाल साचा

कुणी गेल्याची घंटा वाजली की हिन्सबाख गावच्या बायका खिडकीशी धावत आणि सलोमे रुलमान मनुका भिजत घाली. चेरीच्या दारूत, वर घट्ट झाकण लावून. दफन आटोपलं की सभागृहात कॉफीबरोबर कुगलोफ, म्हणजे मनुका घातलेला उंच केक, वाढायचा आणि तो सलोमेच्याच हातचा, हे तिच्या बाविसाव्या वर्षी, तिचे वडील गेले तेव्हापासून ठरून गेलं होतं. आता ती चौऱ्याहत्तरची झाली होती. मधल्या काळात तिनं लग्न केलं नाही, शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घातलं आणि अर्ध्या गावाला आपल्या केकवर निरोप दिला.

साचा आईचा. भाजक्या मातीचा, कडेनं पन्हळी, मधोमध नळी. बाहेरून ओबडधोबड, आतून मात्र वर्षानुवर्षं लोणी पिऊन काचेसारखा झालेला. साबण त्याला कधी लागला नव्हता. प्रत्येक पन्हळीच्या तळाशी एक बदाम बसवायचा, वर पीठ ओतायचं, फुगू द्यायचं. माती हळू तापते, पण तापली की सोडत नाही. केकला जी तपकिरी, कडक साल येते ती तिच्यामुळेच. एकच अडचण होती. भरलेला साचा चार किलोंचा होई.

तीन वर्षांपूर्वी सलोमेच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात काही पूर्ण सुधारला नाही. ती तापलेला साचा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून बाहेर काढू लागली, आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालू लागली. गावानं फॅशन समजून सोडून दिलं. फ्रिडानं सोडलं नाही. फ्रिडा तिची भावजय, धाकट्या तिएबोची बायको. त्या नाताळात तिनं कागदात गुंडाळलेली एक लाल, लिबलिबीत वस्तू आणून टेबलावर ठेवली.

"हे काय? गरम पाण्याची पिशवी?"

"सिलिकॉनचा साचा गं. पिसासारखा हलका. लोणी फासायला नको, केक आपण होऊन सुटतो, पडला तरी फुटत नाही."

"म्हणजे मी पाडणार, हे तू धरूनच चाललीस."

"बाही वर कर, मग बोलू."

सलोमेनं बाही आणखी खाली ओढली आणि विषय संपला.

तिनं तो वापरून पाहिला नाही असं नाही. पहिल्यांदा भरलेला साचा कडेला धरून उचलला, तर तो टोपीसारखा दुमडला आणि निम्मं पीठ फरशीवर. खाली ताटली हवी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तर फ्रिडालाच. दुसऱ्यांदा केक सबंध निघाला, एक बदामही मागे राहिला नाही. पण पोट सुटलेला, आणि तापातून उठलेल्या माणसासारखा पांढराफटक. तिसऱ्या दिवशी साचा अंगणात गेला, कोंबड्यांच्या पाण्यासाठी. मधल्या नळीमुळे कोंबडीला त्यात बसता येत नसे. सिलिकॉनचा तेवढा एक गुण तिनं मान्य केला.

त्यानंतर कधीतरी, नेहमी मागच्या फाटकातून, कोंबड्यांच्या अंगणातून हाका मारत येणारी फ्रिडा पुढच्या दाराची घंटी वाजवून येऊ लागली. बोलणं तेच, हसणं तेच. सलोमेच्या मनात खुटखुट राहिली: हिनं पाहिलं की काय? विचारायचं उद्यावर गेलं, आणि तिथेच राहिलं.

या हिवाळ्यात डाव्या हातानं पुरतंच अंग काढून घेतलं. पानगळीपासून गावात कुणी मेलं नव्हतं, म्हणून तिचं गुपित टिकलं. मग सोमवारी बटाटे सोलता सोलता फ्रिडा गेली.

तिएबो टोपी हातात घेऊन आला. "गुरुवारी अकराला. आणि सलोमे, केकचं..."

"ते विचारायला आलास?"

"हात कसा आहे?"

"हाताला काय झालंय?"

बुधवारी सकाळी तिनं आईच्याच साच्यात पीठ घातलं. रिकामा साचा जाळीवर ठेवून पीठ आतच ओतलं, जाळी ढकलली, तिथवर जमलं. पाऊण तासानं भट्टीचं दार उघडलं आणि उजव्या हातानं साचा ओढला. तो तसूभर हलला. टॉवेल टाकला, गुडघे टेकले, डाव्या हाताला शिव्या घातल्या. खिडकीतून समोर माग्दा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, दुलई झटकताना दिसली. सलोमेनं हाक मारायला हात वर केला. माग्दानं तिकडून हात हलवला. सलोमेनंही नुसता हलवला.

साचा आतच राहिला. भट्टी विझवली तरी माती काही विझेना. केक काळा होत गेला आणि तिनं खुर्चीवर बसून तो होऊ दिला. मग उठली, अंगणात गेली, आणि साच्यातलं पाणी ओतून दिलं.

ऊन, बर्फ, कोंबड्यांच्या चोची. लाल साच्यावर चरा नव्हता. वास मात्र हे रबर धरून ठेवतं. तिनं तो सोडा घालून तीनदा उकळला, रिकामाच भट्टीत तापवला, हुंगला, पुन्हा उकळला. या खेपेला खाली ताटली ठेवली. केक निघाला तसाच, सबंध आणि फिका. सलोमे त्याच्याकडे बघत राहिली. रेनकोट घालून उन्हात बसलेला माणूस रापणार कसा? तिनं उघडा केकच जाळीवर ठेवून पुन्हा आत ढकलला. बारा मिनिटांनी रंग आला. साल मातीइतकी जाड नव्हती. पण रंग आला.

गुरुवारी सभागृहात तिएबोनं पहिला तुकडा कापला. माग्दानं आपला तुकडा उजेडात फिरवून पाहिला. "छान झालाय हो. पन्हळी तेवढ्या जरा बोथट वाटतात."

सगळ्यांचे कान टवकारले. सलोमेनं कप खाली ठेवला.

"आईच्या साच्यातला नाही तो. फ्रिडानं दिलेल्या साच्यातला आहे. माझा हात गेलाय, माग्दा. काल तुला हाक मारणार होते."

तिएबो तिच्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "कोंबड्यांचा?"

सलोमे त्याच्याकडे वळली. "तिला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात पाहिला तिनं. मी म्हटलं, उचलून आणतो. म्हणाली, राहू दे, चांगल्या मालाचा आहे, तिला लागेपर्यंत टिकेल. आपणच मागच्या फाटकानं जायला नको, ओशाळेल ती."

सलोमे बशीतल्या तुकड्याकडे बघत बसली. डोळे पुसायला तिनं उजवा हात उचलला, तर त्यात काटा होता. तो तिएबोनं काढून घेतला. माग्दानं 'कोंबड्यांचा' एवढंच ऐकलं होतं. तिचा काटा तोंडाशी थांबला, मग तिनं फ्रिडाच्या फोटोकडे पाहिलं आणि घास गिळला. दुसरा तुकडाही घेतला.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना पाणी जुन्या पातेल्यात मिळालं. आणि रविवारी तिएबो जेवायला आला, तो मागच्या फाटकातून, हाका मारत.