कापसाचा धूर

परवा देवापुढची समई विझली आणि वातीच्या करपट वासाने मला थेट भडगाव-धुळे रस्त्यावर नेले.

साठच्या दशकाची अखेर असावी. धुळ्याला माझी शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती. एस्टीचे भाडे वाचावे म्हणून माझी मोठी बहीण, अक्का, मला घेऊन कापसाच्या ट्रकवर चढली. ढिगावर बसत ती म्हणाली, "पैसा वाचतीन, तुले चपला लेवूत."

पारोळ्याच्या अलीकडे तो वास आला. केबिनमधून फेकलेली विडी वाऱ्याने मागे आली होती आणि माझ्या पायाशी कापूस धुमसत होता.

"भाऊ, गाडी थांबाड! कापूस पेटना!" अक्का टपावर बुक्क्या मारत ओरडली. इंजिनाच्या घरघरीत ड्रायव्हरला काही ऐकू जाईना. धुमसणे पसरत चालले. अक्काने मला मागे लोटले आणि पेटता कापूस दोन्ही हातांनी उपसून रस्त्यावर भिरकावू लागली. धूर दिसला तेव्हा कुठे ट्रक थांबला.

पुढे आम्ही एस्टी धरली. कंडक्टर पैसे मागत होता, पण अक्काला कनवटीची गाठ सुटेना. ती मी सोडली, तेव्हा तिचे तळहात दिसले. फोडांनी भरलेले.

"मले काही नही व्हयनं. तू मुलाखतमा काय बोलशी ते सांग," ती म्हणाली. धुळे येईपर्यंत मी तिला उत्तरे म्हणून दाखवत राहिले.

नोकरी मिळाली. अक्का माझी तयारी करून घेत होती, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. आता कळते, तिला माझी नजर त्या हातांवरून काढायची होती.