कुंकू कुठे लावायचं

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या सबनीसांनी नव्या चिनी इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडलं आणि हळदकुंकू हातात घेऊन ते तसेच थांबले.

"अहो, इंजिनच नाही. कुंकू कुठे लावू?" त्यांनी मला विचारलं, कारण माझा जन्म गॅरेजात गेला.

मी वाकून पाहिलं. इंजिनाच्या जागी भाजीची पिशवी मावेल एवढा खण होता. ना ऑइल बदलायचं, ना प्लग साफ करायचे. तिकडे चीनमध्ये माझ्यासारख्याच कुणीतरी ही गाडी जोडली असेल. त्याच्या हातांना काम होतं, माझ्या हातांची मात्र या गाडीला गरजच नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

"स्टिअरिंगला लावा," मी म्हणालो.

मग माझ्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिनाला जरा जास्तच कुंकू लावलं.