व्हर्नाच्या नकाशातल्या टाचण्या

ओक्लाहोमातल्या त्या गावात रूट सिक्स्टी-सिक्स या जगभर गाजलेल्या जुन्या हमरस्त्याच्या एका अंगाला व्हर्ना स्टकीचं हॉटेल, समोर ओपल प्रुइटचं. दोघी एका वर्गातल्या. चर्चच्या जेवणाला दोघींचाही पीचचा केक नावाजलेला. पण उन्हाळा लागला की जर्मन, जपानी, नॉर्वेजियन पाहुणे भाड्याच्या मोटारसायकली धडधडवत यायचे ते थेट ओपलच्याच दारात. का, तर तिथं गंजलेला पेट्रोलपंप. चाळीस वर्षांत त्यातून थेंब निघाला नव्हता, तरी लोक त्याला मिठ्या मारून फोटो काढायचे. गंजकी पाटी व्हर्नाकडंही होती. तिनं ती भंगारात घालून नवी कोरी प्लॅस्टिकची लावली होती, आणि आता स्वतःलाच शिव्या घालत होती.

पण खरा जळफळाट व्हायचा तो नकाशापायी. या रस्त्यावर हॉटेल म्हटलं की भिंतीला जगाचा नकाशा. परका पाहुणा आपल्या गावावर टाचणी टोचून जातो. ओपलच्या नकाशात टाचण्यांखाली युरोप दिसत नव्हता. व्हर्नाच्या नकाशात टाचण्या सात, त्यातली एक शेजारच्याच टेक्सासची.

"जपानात माझी जागाच संपली गं," रविवारी चर्चच्या पायरीवर ओपल म्हणाली. "तुझा रिकामाच आहे ना? चार जपानी धाडू का?"

सोमवारी दाराला कडी घालून व्हर्नानं टाचण्यांची अख्खी डबी नकाशात रिकामी केली. हात पडेल तिथं टोचल्या.

गुरुवारी ओपलकडं बारा नॉर्वेजियन उतरले. तिथं संडासाला रांग, म्हणून त्यातला एक लाल दाढीवाला, टोरलाइफ, इकडं आला. जाता जाता नकाशाशी थबकला. नाक लावून बघत राहिला.

"बाई, या बेटावरून कोण आलं होतं?"

"आला होता एक. उंच होता."

"आम्ही सगळेच उंच. पण बेटावर माणसं एकतीस, मला धरून. मी सोडून कुणी बोटीनं समोरच्या बंदरापलीकडं गेलेलं नाही."

व्हर्नाचे कान तापले. हातातलं फडकं तिनं पिळून पिळून कोरडं केलं.

"मीच टोचली," ती म्हणाली. "कुणी येत नाही इथं. पंप नाही ना माझ्याकडं!"

टोरलाइफ टेबल धरून हसला. मग दारात जाऊन त्यानं शीळ घातली, तसे अकराही जण रस्ता ओलांडून आले आणि नकाशाला भिडले.

"अरे, ही बघा, भर समुद्रात!"

"बाई, इथं कोण, मासा आला होता?"

व्हर्ना लाजेनं लाल झाली होती, तरी हात केक कापतच होते. बारा बशा भरल्या. डोळे मात्र खिडकीबाहेर. ओपल पंपाशी एकटीच, कमरेवर हात ठेवून उभी होती. थोड्या वेळानं तीही आली.

"काय दाखवून ओढलीस गं माझी माणसं?"

टोरलाइफनं भरल्या तोंडानं सगळं सांगितलं. ओपल हसली, पण डोळे त्या बारा बशांवरून फिरत राहिले. व्हर्नानं ते नीट पाहून घेतलं आणि तिच्यासाठी केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापला.