वरच्या विहिरीची साक्ष

“होय तं होय, नाही तं नाही,” असं म्हणून चाचांनी लुंगीला हात पुसले, की बोलणं संपलं असं समजायचं. ओमानातल्या सहमच्या भाजीबाजारात हे कुणालाच पटत नसे. तुम्ही आखातात राहिला असाल तर ऐकलंच असेल. टोमॅटो कालचे की आजचे, एवढ्यासाठीसुद्धा तिथे ‘वल्ला’ म्हणून देवाला साक्षीला बोलावतात. वल्ला ताजे, वल्ला गोड, वल्ला फुकटात देतोय. लिंबांचा व्यापारी चाचांना विचारी, “आज का माल? वल्ला बोलो.”

“आज का. बोल दिया.”

“वल्ला?”

चाचा पाटी उचलून पुढच्या दुकानाकडे चालू लागत.

मी तिथल्या पंप आणि पाइप विकणाऱ्या दुकानात नोकरीला. चाचा जवळच्या एका खजूर-लिंबांच्या बागेत कामाला, आणि आमचं गिऱ्हाईक. ते मूळचे धमतरीकडचे शेतकरी, पण आई गोंदियाची, म्हणून आमचं मराठीत जमे. मी रत्नागिरीचा. दोघांनाही दुसऱ्याचं मराठी जरा विनोदी वाटे, आणि त्यावरच मैत्री टिकली.

चाचा मेनोनाइट होते. हा ख्रिस्ती लोकांतला एक जुना, साधा पंथ. हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि बाप्तिस्मा कळत्या वयात स्वतः मागून घ्यायचा. त्यांच्या आजोबांना दुष्काळात मिशनच्या अनाथालयाने भात दिला आणि सोबत हा देव दिला. “भात सरला, देव राहिला,” चाचा म्हणत.

“अख्ख्या ओमानात तुमच्या मंडळीचे किती?” मी एकदा विचारलं.

“मी एक. दुसरा हाय, पन तो तुमाले दिसनार नाही, भाऊ.”

माझ्या नास्तिकपणावर त्यांनी याहून जास्त वेळ कधी घालवला नाही. धर्माची माणसं मी बरीच पाहिली आहेत. बहुतेकांच्या हातात माइक असतो. चाचांच्या हातात फावडं असे.

पासपोर्ट काढताना गावाकडच्या एजंटने त्यांचं वय भरपूर कमी लिहिलं होतं. व्हिसा नव्याने करायची वेळ आली, की चाचा खिडकीशी उभे राहून कारकुनाला नेमाने सांगत, “साब, ये गलत है. मैं इससे बुड्ढा हूँ.” अर्बाब, म्हणजे बागेचा मालक, त्यांना दंडाला धरून बाजूला घेई आणि कारकुनाला सांगे, “म्हातारा आहे, काहीही बोलतो.” चाचा यावर म्हणत, “तेच तं सांगून राहिलो न, म्हातारा हाय.”

अर्बाबही ऐंशीला टेकलेला. खजुरावरची पाखरं मारायला त्याने छर्ऱ्याची बंदूक आणली होती, ती चाचांनी हातात धरली नाही. डबे बडवत फिरले. अर्बाब वैतागला, मग स्वतःही एक डबा घेऊन बडवू लागला. अर्बाब नमाजाला उभा राहिला की चाचा पंप बंद करत. चाचा जेवणाआधी डोळे मिटत, तेव्हा अर्बाब तोंडातली खजुराची बी तशीच धरून बसे. ही सगळी त्यांची सर्वधर्मपरिषद. ठराव वगैरे काही नाही.

आमच्या या बातिनाच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी विहिरींतून इतका उपसा केला, की समुद्र जमिनीखालून आत शिरला. पंप मीच विकलेले असल्यामुळे मी यावर भाषण करत नाही. बागेचा खालचा भाग खारवला. माडासारखी उंच खजुराची झाडं बोडकी झाली. वरच्या विहिरीचं पाणी तेवढं गोड राहिलं. तिच्याभोवतीची लिंबं चाचांनी स्वतः लावलेली.

मग अर्बाब गेला. त्याला दोन मुलगे. थोरला मस्कतला असे. त्याने सगळी बाग गोदामांसाठी विकायचं ठरवलं. धाकटा सहममध्येच राहणारा. तो म्हणाला, वरची विहीर आणि लिंबं बाबांनी जिवंतपणीच मला देऊन टाकली आहेत. ते बोलणं बागेत झालं होतं. ऐकायला एक चाचाच होते. विहीर धाकट्याकडे राहिली तर चाचा तिथेच राहणार होते. नाहीतर धमतरी. तिथे बायको कधीच वारली होती, मूल नव्हतं, आणि चेहराही न आठवणारा एक पुतण्या होता.

वाद गावचे तंटे मिटवणाऱ्या शेखच्या बैठकीत आला. गालिचे, लोड, हलव्याची ताटं, कमरेला खंजीर लावलेली माणसं. न्यायाला एवढी सजावट लागते याचं मला नेहमी नवल वाटतं. थोरल्याचं म्हणणं, सगळ्याच विहिरींचं पाणी खारट, तेव्हा बाबा देणार काय? म्हणून पाणी माहीत असलेला पंपवाला या नात्याने मला बोलावलेलं. मी म्हणालो, वरचं पाणी गोड आहे. शेख म्हणाला, “वल्ला?” मी लगेच म्हणालो, “वल्ला.” कुठल्याच देवावर विश्वास नसला, की कुणाचीही शपथ घेता येते. माझी साक्ष मान्य झाली.

मग चाचा. त्यांनी मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. अर्बाब कुठे बसला होता, काय म्हणाला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. थोरल्यानेसुद्धा मान खाली घातली.

शेख मऊ आवाजात म्हणाला, “चाचा, तुमारा जो गॉड है, उसका कसम बोलो. हमको मुश्किल नै.”

“कसम नहीं, साब. जो बोला, वो बोला.”

“वल्ला म्हणतोय तो,” धाकटा घाईघाईने अरबीत म्हणाला.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. याला त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. “नहीं बेटा. वो मैंने नहीं बोला.”

शेखने दोनदा समजावलं. मग कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “खलास.” शपथेवाचून साक्ष नाही. बाग विकली गेली.

बाहेर धाकटा चाचांवर ओरडला. “एक शब्द होता! एकच!” चाचा चपला शोधत राहिले.

धमतरीला जायच्या सकाळी मी त्यांना न्यायला बागेत गाडी घेऊन गेलो. मला वाटलं होतं, भाविक माणूस आहे, शांत असेल. निदान माझ्यासारख्यांना खिजवण्यापुरता तरी.

“पस्तावा होतो का?” मी विचारलं.

“होते न. रोज होते. धाकल्या पोराची इहीर घालवली मी.”

“मग परत विचारलं तर घ्याल शपथ?”

त्यांनी मान हलवली. नाही. त्या हलण्यात कसलंही समाधान नव्हतं.

“आन् तो?” मी वर बोट केलं. “तो काय म्हणतो?”

“काही नाही म्हनत,” चाचा म्हणाले. “किती दिवस झाले, काहीच नाही म्हनत.”

मग त्यांनी पंप सुरू केला.

“चाचा, शनिवारी जेसीबी येणार आहे इथे.”

“मालूम हाय. पन आज लिंबाच्या पान्याची पाळी हाय. झाडाले कोनी सांगतलं का, बाग इकली म्हनून?”

विमानाला उशीर होत होता. मी हॉर्न वाजवला नाही. चाचा वाकून एकेक आळं भरत होते. एक भरलं की फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या झाडाकडे वळवत होते. मी गाडीची काच खाली करून बसलो. शेवटची ओळ अजून कोरडी होती.