काशीरामदादांचा ‘सिली’वरचा रुसवा
मिरजोळ्याच्या काशीरामदादांनी एकसष्टाव्या वर्षी दहावीला बसायचं ठरवलं, तेव्हा वाडीत हसू पिकलं. मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षं शिपाई होते, पण दहावी राहिल्याची सल काही गेली नव्हती. शिकवणी घरचीच होती. सून निशिगंधा शाळेत इंग्रजी शिकवायची. पण सासऱ्याला तोंडावर चूक दाखवायची कशी? या घरात सून सासऱ्यापुढे आवाज चढवत नसे. म्हणून दादा वही पडवीत ठेवायचे आणि ती लाल पेनाने तपासून गुपचूप परत ठेवायची.

परवा पत्रलेखन होतं. दादांनी वर पत्ता घातला नोकरीतल्या परळच्या खोलीचा आणि पत्र लिहिलं मिरजोळ्याला, बायकोला. तीस वर्षांचा सराव, हात आपसूक तिकडे गेला. समासात लाल अक्षरं उमटली: सिली मिस्टेक.

झालं! दादांचं टाळकं फिरलं.

"सिली म्हंजे काय ता मला ठाव हाय. सायेब रोज म्हनायचा," ते बायकोला, तुळसाबाईंना म्हणाले. "सुनेनं मला येडा ठरवलान. मी नाय भरत तो सतरा नंबरचा फॉर्म!"

बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म, आणि उद्या शेवटची तारीख.

"पत्ता चुकलात तो चुकलातच, पोरीवर कशाला जाळ?" तुळसाबाई म्हणाल्या.

निशिगंधा दाराआडून ऐकत होती. जाडजूड शब्दकोश घेऊन ती पडवीत आली.

"बाबा, हा शब्द मुळात वाईट नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो सुखी, देवाची कृपा असलेल्या माणसाला लावत. पुढे निष्पाप माणसाला लावू लागले. मग बिचाऱ्याला. असा घसरत घसरत तो वेडगळावर आला."

"म्हंजे शब्द चांगला व्हता, लोकांनी नासवलान," दादा म्हणाले. साध्या माणसाला लोक कसे हसतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? राग उतरला, पण मान काही खाली येईना. "तरी फॉर्म नाय."

आता मात्र निशिगंधाचा तोल सुटला. "उठा बाबा! चपला घाला. फॉर्म भरायचा म्हणजे भरायचा!"

सून जीभ चावून उभी. दादा खो खो हसत सुटले. लाल शाई त्यांना शाळेतल्या परक्या बाईंची वाटली होती. हा ओरडा लेकीचा होता, आणि त्याने त्यांच्या जिवाला फार बरं वाटलं.

"बोललीस गो एकदाची!" ते उठत म्हणाले. "आता चल माझ्यासंगती. येकटा गेलो तर घाबरंन मी."